तीन वेळा लिहिलेली हरकत

मला सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल, तर 'येथे क्लिक करा' या तीन शब्दांचा. येथे म्हणजे कुठे? आणि केल्यावर काय होणार? कोणी समोर कागद धरून नुसतं 'इथे सही करा' म्हणालं, तर आपण आधी कागद वाचायला मागतो. मग मोबाइलच्या पडद्यावरच एवढा आंधळा विश्वास का ठेवायचा? वेबसाइट करण्याच्या धंद्यात मी इतकी वर्षं काढली, पण हे तीन शब्द माझ्या एकाही पानावर सापडणार नाहीत. निदान नंतरच्या पानांवर तरी नाहीत. आधीच्या पानांबद्दल लिहायचं आहे, म्हणूनच हा लेख.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका माडीवर माझं ऑफिस होतं. आधी डीटीपीचं, म्हणजे लग्नपत्रिका, शाळांची पत्रकं, निवडणुकीची हँडबिलं. मग लोक 'वेबसाइट करून देता काय?' विचारू लागले, आणि मी 'देते' म्हणून बसले. शिकले नंतर. गेल्या वर्षी पाटी उतरवली. आता घरी आहे आणि इतरांच्या वेबसाइटना नावं ठेवते.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे रंग आणि फोटो. तसं नसतं. आमच्याकडे घरी पाहुणा आला की पायरीशी पाण्याची कळशी ठेवलेली असते. तो पाय धुतो, पडवीत बसतो. त्याला कोणी काही सांगावं लागत नाही. वेबसाइटचं तेच आहे. आलेल्या माणसाला आपण कुठे आलो, इथे काय होईल आणि आता पुढे काय करायचं, हे न विचारता कळलं पाहिजे. न कळल्यास चूक त्याची नाही, कळशी लपवून ठेवणाऱ्याची.

गिऱ्हाइकांना हे पटवता पटवता मात्र माझ्या नाकी नऊ यायचे. वेळणेश्वरच्या एका लॉजवाल्यांना वेबसाइट उघडताच समुद्राची गाज ऐकू यायला हवी होती. मी नको नको म्हटलं, शेवटी त्यांच्या हट्टापुढे हात टेकले. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मयताला गेलेलं असताना चुकून ते पान उघडलं, आणि सगळे रडत असताना त्याच्या खिशात समुद्र खवळला. दुसऱ्या दिवशी लॉजवाल्यांचा फोन, "ती गाज काढा हो." दुसरे आमचे अण्णा बागायतदार. त्यांना पहिल्या पानावर स्वतःचा फोटो आंब्यापेक्षा मोठा हवा होता. मी म्हटलं, "अण्णा, लोकांना आंबा खायचाय, तुम्हाला नाही." पंधरा दिवस बोलले नाहीत. मग आपणहून आंबा मोठा करून घेतला. हे अण्णा पुढे पुन्हा येणार आहेत.

माझ्या कामाचा मला तेव्हा चांगलाच तोरा होता. त्या तोऱ्यातच मी सडा राखण मंचाची वेबसाइट केली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे डोंगरावर जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, बघणाऱ्याला वाटतं इथे काही नाही. पण पावसाचं पाणी तोच पोटात धरतो आणि खालच्या वाड्यांना झऱ्यांतून वर्षभर सोडतो. त्याच सड्यातून घरबांधणीचे चिरे काढतात. माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे, त्यामुळे चिरेखाण म्हटली की मी कानावर हात ठेवणारी नाही. पण झऱ्याच्या बरोबर डोक्यावर खाण काढली की झरा मरतो. मंचाचं भांडण तेवढ्यापुरतंच होतं.

मंच म्हणजे मुख्यतः मुळ्ये सर. शाळेतून निवृत्त झालेले, मराठी शिकवायचे, अंगात सदा खादीचा झब्बा. वेतवण गावच्या सड्यावर मोठ्या खाणीची नोटीस लागली, तेव्हा सर माझ्याकडे आले. खाणीला परवाना देण्याआधी सरकारी कचेरी लोकांच्या हरकती मागवते. ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत पोचली, तरच ती मोजतात. सर म्हणाले, "लोकांना घरबसल्या हरकत पाठवता येईल असं काहीतरी करा."

मी केलं. काय देखणी वेबसाइट होती ती! काळी पार्श्वभूमी, त्यावर सड्याची रानफुलं एकामागून एक सरकत यायची. खाली सरांचा लेख, 'कातळाच्या काळजातला पाझर'. त्याखाली हरकतीचा फॉर्म. पुण्यामुंबईच्या लोकांनी इतकं कौतुक केलं की मी ते निरोप जपून ठेवले होते.

हरकती आल्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही बहुतेक पुण्यामुंबईच्या. गावाचा विरोध दिसत नाही असा अर्थ निघाला, खाण झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात वेतवणचा झरा आटला. आम्ही बैठकीत सुस्कारे टाकले. सर म्हणाले, "लोकच उठत नाहीत, त्याला आपण काय करणार?" मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर काही महिन्यांनी अनसूयाकाकी माझ्या ऑफिसचा जिना चढून आल्या. वय सत्तरीच्या आसपास, नऊवारी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेला मोबाइल. माहेर वेतवणचं. सासर शेजारच्या माळकोंडचं, तिथल्या झरीच्या वाडीत घर. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "त्या सड्याची साइट केलीस ती तूच काय गो बाय?"

मी जरा फुशारकीनेच हो म्हटलं.

"मंग मला येक सांग. मी तीन वेळा लिवलं व्हतं. माज्या म्हायेरचं पानी, म्हनून तीन वेळा लिवलं. गेलंच नाय काय?"

मी यादी उघडली. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "काकी, तुमचं काहीतरी चुकलं असेल."

"आसंल. तू बग, मी परत लिवतंय."

आणि त्या माझ्यासमोर बसून लिहू लागल्या. एकेक अक्षर शोधून, चष्मा सावरत. नाव झालं, गाव झालं, म्हणणं झालं. ईमेलचा रकाना त्यांनी सोडून दिला, कारण त्यांना ईमेल नव्हता. खालचं बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता गेलं नव्हं?"

गेलं नव्हतं. ईमेलचा रकाना मी सक्तीचा ठेवला होता. तो रिकामा राहिला की फॉर्म अडायचा आणि लाल अक्षरांत सूचना यायची. ही सूचना पानाच्या अगदी वर यायची, तीही इंग्रजीत, आणि बटण पानाच्या अगदी तळाला. मधे सरांचा सगळा लेख. मी काकींच्या मोबाइलवर अंगठा फिरवत फिरवत वर गेले आणि ती लाल ओळ मला दिसली. कुणीतरी कानाखाली आवाज काढावा तसं झालं.

काकींना मी सगळं खरं सांगितलं. माझ्या चुकीमुळे तुमची हरकत गेली नाही, आणि तुमच्यासारख्या आणखी किती जणींची गेली नसेल ते मला माहीत नाही, असंही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मोबाइल रुमालात परत गुंडाळला.

"वेतवणचं पानी गेलं, ते काय आता येत नाय. पन आता आमच्या माळकोंडच्या सड्यावर नोटीस लागलीय. झरीच्या वर. म्हनून आलंय मी. ह्या टायमाला माजं लिवलेलं जायाला पायजे."

म्हणजे माहेरचं पाणी गेलेलं आणि आता सासरच्या पाण्यावर आलेलं. मी त्यांना म्हटलं, "जाईल काकी. मी स्वतः बघते." तोंडाने म्हटलं तेवढंच, पण मनात ठरवलं की हे झाल्याशिवाय दुसरं काम हातात घ्यायचं नाही.

मुदत एक महिन्याची. त्यातले सोळा दिवस नोटीस गावात कळण्यातच गेले होते, आणि शेवटचा दिवस नेमका शिमग्याच्या पालखीनंतर दोन दिवसांनी येत होता. मी सरांना बोलावलं आणि म्हटलं, "सगळी वेबसाइट मोडायची. फुलं काढायची, काळा रंग काढायचा आणि तुमचा लेखही पहिल्या पानावरून हलवायचा."

सरांचा चेहरा पडला. "शुभदाताई, लेख कशाला? लोकांना आधी विषय समजायला नको? सहा महिने खपून लिहिलाय मी."

"सर, वेतवणच्या बाईला झरा समजावून सांगणार तुम्ही?"

ते तिरमिरीत उठून गेले. पण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर घेऊन जिन्याखाली हजर. "चला झरीच्या वाडीत. तुम्ही म्हणता ते मला डोळ्यांनी बघू दे."

वाडीत मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी यायची, देवळाच्या पायऱ्यांवर. तिथे काकींना बसवलं आणि जुनीच वेबसाइट उघडून दिली. आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. माणूस आपलं पान वापरत असताना शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो चुकला तरी सांगायचं नाही, कारण घरी तो एकटाच चुकणार असतो, तिथे आपण नसतो. माझ्या स्वभावाला हे जड. म्हणून मी तोंडात आवळासुपारी धरून बसले.

आधी फुलंच येईनात. रेंजच्या एका काडीवर ते फोटो उघडता उघडत नव्हते. काकी काळा पडदा धरून शांत बसून राहिल्या. मग सरांचा लेख आला. काकींच्या अंगठ्याने तो असा झरझर वर लोटला की कातळाच्या काळजातला पाझर चार सेकंदांत संपला. सर खालच्या पायरीवर बसून बघत होते. मग चष्मा काढून पुसत राहिले.

फॉर्म आला. 'गाव निवडा.' मी सरकारी दप्तरातली गावांची यादीच्या यादी तिथे ओतली होती. काकी झरीची वाडी शोधू लागल्या. ती मिळेना. त्यात माळकोंड होतं, पण त्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही.

मला राहवेना. मी सुपारी गालात सरकवली आणि विचारलं, "काकी, माळकोंड चालणार नाही?"

"माळकोंड म्हंजे वर बाजार हाय तो. आमी झरीच्या वाडीतली."

आता हे मला कळायला नको होतं? मी इथलीच. कोकणात माणूस गावात राहत नाही, वाडीत राहतो. पत्ता विचारा, आधी वाडी सांगेल. आणि मी वाडीचं नावच ठेवलं नव्हतं, कारण सरकारी यादीत ते नव्हतं.

पुढचा रकाना होता 'जमीनमालकाचे नाव'. काकी थांबल्या. मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

"सातबारा सासऱ्यांच्या नावावर हाय. त्ये जाऊन लय वर्सं झाली. वर चुलत दीर, त्येंची पोरं, सगळी मुंबयला. धा-बारा नावं हायत. माजं नाय." मग म्हणाल्या, "म्हंजे ह्ये माजं काम नाय."

त्या उठायला लागल्या. वेतवणच्या वेळी त्यांनी तिथे बापाचं नाव घातलं होतं, ते खपून गेलं होतं. सासरी मात्र सासऱ्याचं नाव सुनेने परस्पर घालणं त्यांना बरं वाटेना. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या किती बाया या एका रकान्यापाशी मोबाइल उलटा ठेवून चुलीकडे गेल्या असतील! मी नियम मोडला. "काकी, थांबा. झऱ्यावर पाणी भरायला कोण जातं?"

"कोन जानार? मीच की."

सरांनी झब्ब्याच्या खिशातून नोटिशीचा कागद काढला आणि उभ्यानेच वाचला. त्यात 'बाधित होणारी कोणीही व्यक्ती' असं स्पष्ट लिहिलं होतं. मालक असा शब्दच नव्हता. तो मी घातला होता, कारण फॉर्म म्हटला की मालकाचं नाव असायचंच, अशी माझी समजूत. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, पहिला प्रश्न तोच ठेवा. तुमचं पाणी कुठून येतं?" मग म्हणाले, "आणि माझा लेख काढा. काकींनी त्याची जागा दाखवलीन मला."

त्याच वेळी देवळात गुरवांनी शिमग्याचं गाऱ्हाणं घातलं. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे गावाचं म्हणणं मांडायचं. गुरव एक वाक्य म्हणतात आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पोरंबाळं सुखी ठेव, व्हय म्हाराजा. मुंबईला गेलेल्यांची राखण कर, व्हय म्हाराजा. एकही वाक्य हवेत राहत नाही. लहानपणापासून हे ऐकत आले, पण त्या दिवशी पायऱ्यांवर उभी राहून मी पहिल्यांदा नीट ऐकलं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या असं म्हणणं मांडत आलीत, की प्रत्येक वाक्याला हुंकार मिळतो. आणि माझ्या फॉर्ममध्ये काकींनी अख्खं गाऱ्हाणं घातलं, शेवटी बटण दाबलं, तर समोरून चकार शब्द नाही. त्यांनी तीन वेळा लिहिलं ते त्यामुळेच.

परत येताना स्कूटरवर मी सरांना म्हटलं, "वेबसाइट आता बोलणार."

बारा दिवस होते. मी ऑफिसच्या दारावर 'नवीन कामे बंद' असा कागद लावला. ऐन आंब्याचा मोसम, बागायतदारांच्या वेबसाइटवर नवे फोटो चढवायचे दिवस. अण्णा तरातरा जिना चढून आले. "माझं काम कधी करणार? तुला तो सडा महत्त्वाचा की माझा आंबा?"

मी मान वर न करता विचारलं, "अण्णा, तुमच्या कलमांना पाणी कुठून येतं?"

त्यांची बाग त्याच सड्याच्या उतारावर होती. ते आल्या पावली उतरून गेले.

मी केलं ते असं. एका पडद्यावर एकच प्रश्न, असे चारच प्रश्न. तुमचं पाणी कुठून येतं? तुमची वाडी कोणती? तुमचं नाव काय? खाण झाली तर तुमचं काय होईल? वाडी यादीतून निवडायची नाही, आपली आपण लिहायची, तिचं गाव मागाहून आम्ही जोडू. ईमेल नको. फोटो एकही नाही. सरांचा लेख आतल्या पानावर, ज्याला वाचायचाय त्याच्यासाठी. घरात मोबाइल एक आणि माणसं पाच, म्हणून शेवटी 'घरातल्या दुसऱ्या माणसाची हरकत लिहा' असं एक बटण. आणि पाठवण्याच्या बटणावर पूर्ण वाक्य, 'माझी हरकत कचेरीत पाठवा'. प्रत्येक उत्तरानंतर पडद्यावर त्याच माणसाचं उत्तर मोठ्या अक्षरांत परत यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, 'लिहून घेतलं.'

शेवटच्या पडद्यावर काय लिहायचं यावरून आमचं पुन्हा जुंपलं. सरांनी कागदावर लिहून आणलं, 'आपली हरकत यशस्वीरीत्या सादर करण्यात आली आहे.'

मी म्हटलं, "हे कोण बोलतं सर?"

"मग काय, 'व्हय म्हाराजा' लिहिता?"

तोही विचार मी केला होता. पण मंचात बौद्धवाडीतली माणसं होती, खाडीकाठचे मुसलमान होते, प्रत्येकाचं देऊळ एक नव्हे. मला गाऱ्हाण्याचे शब्द नको होते, रीत हवी होती. मी सरांना विचारलं, "मुंबईला गेलेला मुलगा गाडीतून उतरल्यावर घरी फोन करून काय म्हणतो?"

सर हसले. "पोचलो म्हणतो."

मग आम्ही तेच लिहिलं. 'पोचलं.' त्याखाली हरकतीचा नंबर आणि 'हा नंबर कागदावर लिहून ठेवा.'

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. हा शब्द खोटा दिसता कामा नये. बटण दाबलं की लगेच 'पोचलं' दाखवणं सोपं असतं, पुष्कळ जण तेच करतात. मी तशी सोय ठेवली की कचेरीच्या ईमेल पत्त्यावर टपाल खरोखर स्वीकारलं गेलं, तरच तो शब्द उमटेल. तोवर 'अजून गेलं नाही. तुमचं लिहिलेलं पुसलं जाणार नाही,' असंच दिसेल. याच अडून बसण्याने शेवटच्या दिवशी आम्हाला वाचवलं.

शिमग्याला मुंबईकर आले, घरं भरली, पालखी दारोदार फिरली. देवळाच्या पायऱ्यांवर काकी ठाण मांडून बसल्या. पालखीबरोबर आलेल्या प्रत्येकाला विचारायच्या, "तुजं पानी कुटनं येतं?" उत्तर आलं की मोबाइल पुढे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं काकी स्वतः लिहीत, तसंच एकेक अक्षर शोधत. मी ऑफिसात बसून एकामागून एक नावं येताना बघत होते. एक दिवस त्यात अण्णांचंही नाव आलं. 'पाणी कुठून येतं' पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'तुला माहीत आहे.'

शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास काकींचा फोन आला. "बाय, सकालपासनं येकाचंबी पोचलं म्हनत नाय. अजून गेलं नाय म्हनतंय."

कचेरीची ईमेलची पेटी भरली होती. आमचीच पत्रं जाऊन जाऊन भरली असणार, दोष कुणाचा नव्हता. पण मुदत संध्याकाळी संपत होती. जुनी वेबसाइट असती तर कोणाला काही कळलं नसतं आणि तो सगळा दिवस वाया गेला असता. मी अडकलेली एकेक हरकत छापायला घेतली. सर दुपारी गठ्ठा घेऊन गेले, काउंटरवर उभं राहून प्रत्येक प्रतीवर पोच घेतली, परत आले, दुसरा गठ्ठा घेऊन गेले. शिक्का बघितल्यावरच मी त्या त्या नंबरापुढे हाताने 'पोचलं' केलं. पाचला सर तिसऱ्यांदा आले तेव्हा झब्बा घामाने अंगाला चिकटला होता. "सगळ्या घेतल्यानी," म्हणाले आणि जिन्यातच बसले.

सुनावणीला झरीची वाडी झाडून आली होती. टेबलामागच्या साहेबांनी नंबर पुकारले. काकींचा आला तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून त्यांनी नंबर जुळवून बघितला.

साहेबांनी विचारलं, "आजी, तुमची या गटात जमीन किती?"

"जमीन नाय सायेब. दोन हंडे हायत."

कोणी हसलं नाही. साहेबांनी लेखणी उचलली आणि ते वाक्य लिहून घेतलं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर निकाल आला, की आधी झऱ्यांची पाहणी होईल, तोवर खाणीला परवाना नाही. हा कायमचा विजय नाही, हे मला ठाऊक आहे. पाहणी उद्या उलटही होईल. तसं झालं तर पुन्हा लिहू. चार प्रश्न आहेत, पायऱ्या आहेत आणि झरा आज वाहतोय.

मी पाटी उतरवायच्या आधीच्या आठवड्यात काकी पुन्हा जिना चढून आल्या. पिशवीतून फणसाचे गरे काढून ठेवले, मग रुमाल सोडून मोबाइल.

"माजी म्हायेरची हरकत घे."

"काकी, वेतवणची मुदत कधीच संपली. झराही आटला."

"ता मला म्हाईत हाय. मी जाता-येता बगतंय. पन मी लिवलं व्हतं. तीन वेळा लिवलं. ते कुटं तरी पोचायला नको?"

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "खाणीचं काम थांबलंय, खड्डा भरून घ्या असा अर्ज करता येतो. काही होईल असं सांगत नाही. पण अर्ज नोंदवून घ्यावाच लागतो त्यांना." मी वेतवणसाठी तसं पान उघडून दिलं.

काकी लिहायला बसल्या. मी तोंड बंद ठेवलं, या वेळी सुपारीशिवाय. 'तुमचं पाणी कुठून येतं?' यापाशी त्यांनी चष्मा सावरला. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'येत होतं.' वाडी लिहिली, बापाच्या घरची. नाव लिहिलं, लग्नाआधीचं. बटण दाबलं आणि मोबाइल दोन्ही हातांत धरून वाट बघत राहिल्या.

पडद्यावर आलं, 'पोचलं.'

काकींनी तो शब्द बोट ठेवून वाचला. नंबर चिठ्ठीवर उतरवला, चिठ्ठी पदरात बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली. मग, जातंय गो बाय, म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

तो एक शब्द तिथे बसवायला मला पाच मिनिटं लागली होती. पहिल्या वेळीही पाचच लागली असती.